सहपत्रासह समुद्र

मधुसूदनपंत लघाट्यांनी रजेच्या अर्जाला ती पुस्तिका जोडली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बावीस वर्षं ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत काढलेल्या माणसाला नुसता अर्ज देणं म्हणजे उघड्या अंगानं सराफ्यातून जाण्यासारखं वाटतं. अर्जाला सहपत्र हवं, सहपत्राला क्रमांक हवा आणि क्रमांकाखाली रेघ हवी. मधुसूदनपंत जुन्या नकाशांच्या दफ्तरात नकला करायला होते. मूळ नकाशा वाळवीनं खायच्या आत त्याची हुबेहूब नक्कल काढायची आणि ती त्याच कपाटात ठेवून पुढच्या वाळवीची वाट बघायची, असं त्यांचं काम. उरलेलं ते घरी आणून रात्री पुरं करत. त्या कामात आजवर त्यांच्या हातून एक ठिपकाही चुकला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

दफ्तराच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांतून एकदा संस्थानाबाहेर जायला बारा दिवसांची रजा मिळे. आतापर्यंतच्या रजा आईच्या अस्थी, धाकट्या भावाचं लग्न आणि स्वतःची मूळव्याध यांत गेल्या होत्या. या खेपेला रजा मोकळी होती. ती कशी घालवावी याचा विचार चालू असताना त्यांच्या पत्नी वनमालाबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या, "एकदा आपण समुद्रावर जाऊ या."

मधुसूदनपंतांचा घास हातातच राहिला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि या बाईनं नवऱ्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. (मध्ये एकदा तिनं पोळपाट मागितला होता, पण तो जुना दुभंगल्यावर.) वनमालाबाई कोकणातल्या, हर्णैच्या. तेराव्या वर्षी इकडंच आणून लग्न लावल्यावर त्या लश्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या नव्या शहरात, जयेंद्रगंजातल्या या घरात आल्या, त्यानंतर माहेरची माणसं एकेक करून गेली, घराला कुलूप लागलं, आणि समुद्र जो सुटला तो सुटलाच. आपण या बाईला आणून अशा गावात ठेवलं जिथल्या नदीत सुद्धा आठ महिने गाढवं लोळतात, हे मधुसूदनपंतांच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. पुढच्या वर्षी पद्माचं, म्हणजे मुलीचं, लग्न करायचं होतं. त्यानंतर जाणं कसलं होतंय! जायचं तर आत्ताच, असं त्यांनी ठरवलं.

आता 'बायकोला समुद्र दाखवायचा आहे' हे कारण काही दरबारच्या कागदावर लिहिता येत नाही. त्यांनी वैद्यांकडून चिठ्ठी आणली, 'पोटाच्या विकारासाठी समुद्रकाठी पायी चालावे, मानवल्यास पाण्यात उतरावे.' आणि पाटणकर बाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना ती पुस्तिका मिळाली. कुठल्याशा रेल्वे कंपनीनं काढलेली, इंग्रजी. तिच्यात मुंबईच्या उत्तरेची चार दिवसांची पायी सहल होती. जुहूच्या वाळूवरून निघायचं, वर्सोव्याला जायचं, होडीनं खाडी ओलांडून मढच्या किनाऱ्यानं पुढं सरकायचं. कुठं भरतीला वाळू उरत नाही, कुठल्या हॉटेलच्या खोलीतून पाणी दिसतं, कुठं शाकाहारी जेवण 'आगाऊ सांगितल्यास' मिळतं, सगळं होतं. शेवटच्या पानावर पोहणाऱ्यांसाठी सूचना होत्या. मधुसूदनपंतांनी रात्रंदिवस खपून सगळ्याचा तर्जुमा केला. सूचनांचं पान मुळात ठळक छापलं होतं म्हणून त्यांनी ते लाल शाईनं लिहिलं. इथंच घात झाला.

जयसिंहराव त्यांचे वरिष्ठ. त्यांनी अर्ज वाचला नाही, वैद्यांची चिठ्ठी वाचली नाही, हॉटेलं वाचली नाहीत. लाल शाई दिसली तेवढी वाचली.

"लघाटे, हे काय लिहून राहिले तुम्ही? 'या किनाऱ्यावर दरसाल काही माणसे बुडून मरतात'?"

"साहेब, पुस्तिकेत आहे तसं. मी फक्त उतरवलं."

"पण अक्षर तर तुमचं आहे ना? म्हणजे तुम्हाला मालूम होतं. मालूम असून तुम्ही जाऊन राहिले. आणि मी मंजुरी दिली म्हणजे मलाही मालूम होतं. उद्या तुम्ही बुडाले तर दरबार मला काय विचारेल?"

"मी बुडणार नाही, साहेब."

"ते तर सगळेच म्हणतात," जयसिंहराव कळवळून म्हणाले.

जयसिंहराव मनानं वाईट नव्हते. वाईट असते तर अर्ज फेटाळून मोकळे झाले असते, आणि मधुसूदनपंत दोन दिवस हळहळून गप्प बसले असते. पण त्यांना खरोखर काळजी वाटली, आणि वरिष्ठांना काळजी वाटू लागली की हाताखालच्या माणसाचं काही खरं नसतं. 'दरबारचा नोकर दरबारच्या परवानगीने बुडाल्यास जबाबदारी कोणाची?' असा प्रश्न त्यांनी फाइलीवर घातला आणि फाइल अभिप्रायासाठी फिरायला निघाली.

एका खात्यानं कळवलं की संस्थानातली तळी आणि कालवे आमच्याकडं आहेत, समुद्र नाही. दुसऱ्यानं कळवलं की बुडालेल्या इसमावर उपचार करता येतील, न बुडालेल्याबद्दल आत्ताच काही सांगता येत नाही. तिसऱ्या ठिकाणी एका बारीक नजरेच्या अधिकाऱ्याला 'दोन बावट्यांच्या मधल्या पाण्यातच पोहावे' ही सूचना आढळली आणि त्यानं विचारलं, हे बावटे कोणाचे? परक्याच्या बावट्याखाली दरबारी नोकरानं स्नान करणं शोभेल काय? या एका प्रश्नाला उत्तर द्यायला मधुसूदनपंतांना या प्रकरणासाठी नेमलेल्या समितीपुढं तीन दिवस हजर राहावं लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'ते कोणाचेच नसतात, नुसतं कापड असतं' असं लेखी दिलं तेव्हा सुटका झाली.

समिती म्हणजे स्वतः जयसिंहराव, एक डॉक्टर आणि एक लिहिणारा कारकून. त्यांनी पुष्कळ विचार करून हुकूम काढला. अर्जदारानं पोहता येत असल्याचं सिद्ध करावं, आणि त्याआधी सदर किनाराफेरी इथंच, लश्करात, समितीच्या देखरेखीखाली एकदा करून दाखवावी, म्हणजे धोक्याच्या जागा अगोदर कळतील.

"इथं? लश्करात किनारा कुठं आहे, साहेब?"

"नदी आहे ना."

"तिला पाणी नाही."

"म्हणून तर तिथं," जयसिंहराव म्हणाले. "पाणी असतं तर मी तुम्हाला जाऊ दिलं असतं काय?"

ही बातमी जयेंद्रगंजात दुपारपर्यंत पोचली. शेजारचे सदाशिवराव रिसाल्यातून निवृत्त झालेले. मोठ्या लढाईच्या वेळी ते मुंबईहून बोटीनं बसऱ्याला गेले होते, त्यामुळे समुद्र या विषयावर गल्लीत त्यांचा शब्द अखेरचा. खरं तर बोटीत पाय ठेवल्यापासून बसरा येईपर्यंत त्यांनी बादलीतून डोकं वर काढलं नव्हतं. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"पंत, समुद्र म्हणजे घोडा," ते भिंतीवरून म्हणाले. "त्याला कळलं ना की तुम्ही घाबरून राहिले, बस, खलास. डोळ्यात डोळे घालून पाहायचं."

"त्याला डोळे कुठं असतात, सदाशिवराव?"

"तुम्ही पाहा तर खरं!"

सदाशिवरावांच्या सुलोचनाबाईंनी लिंबाचं लोणचं पाठवलं आणि गुडघ्याला चोळायला समुद्राचं पाणी आणा म्हणून एक रिकामी बाटली दिली. बाटली बघून समोरच्या घरातून दोन आल्या, मागच्या गल्लीतून पाच. आठवड्यात पडवीत चौदा बाटल्या जमल्या. पोहण्याबद्दल तर जो तो बोलू लागला. ज्यांनी जन्मात घागरीपेक्षा जास्त पाणी एका ठिकाणी पाहिलं नव्हतं ते श्वास कसा धरावा हे शिकवू लागले. एका संध्याकाळी वनमालाबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "पाय सायकलसारखे नाही मारायचे. मांडीपासून सरळ मारायचे, आणि मान सैल सोडायची."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मधुसूदनपंत वैतागून म्हणाले. दिवसभर सगळ्या गावाचं ऐकून घेतल्यावर माणसाला कुठं तरी ओरडायला जागा लागते. वनमालाबाई पुढची भाजी चिरू लागल्या.

पोहायला शिकवायला कान्होजी मिळाला. हा पूर्वी पलटणीत होता आणि त्यानं शिकवलेला एकही शिपाई बुडाला नव्हता, कारण त्यांच्यावर पाण्यात उतरायची वेळच आली नव्हती. शहराबाहेरच्या एका बागेत बावडी होती, पायऱ्यापायऱ्यांची, जुनी, तळाशी हिरवं पाणी. तिथं रोज उजाडताच मधुसूदनपंत पंचा नेसून, डोक्याला टोपी तशीच ठेवून उभे राहत. टोपी काढा असं कान्होजीनं दोनदा सुचवलं. पण उद्या मुंबईत दरबारचा माणूस बोडक्यानं पाण्यात दिसला असं व्हायला नको म्हणून पंतांनी सवय टोपीसकटच करायची ठरवली होती.

"पंतजी, घाबरू नका. हे दोन भोपळे बांधून देतो. भोपळा कधी डूबत नाही."

भोपळे खरंच बुडाले नाहीत. पण कान्होजीनं ते कमरेच्या जरा खाली बांधले होते. मधुसूदनपंत पाण्यात शिरले आणि पुढच्याच क्षणी भोपळे वर, पाय वर, आणि खुद्द मधुसूदनपंत खाली, अशी मांडणी झाली. टोपी तेवढी निराळी तरंगत होती. कान्होजीनं त्यांना पायाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "पहा, अर्धं तर आलं तुम्हाला." दहा दिवस हेच चाललं. अकराव्या दिवशी ते पायरीला धरून तीनदा पाय मारू शकले. कान्होजीचे डोळे भरून आले.

आणि मग ती किनाराफेरी. मे महिना, सकाळी साडेसात ते दहा, कचेरीच्या वेळात. स्वर्णरेखा नदीच्या कोरड्या पात्रात फक्कीनं तीन किनारे आखले होते. जिथं किनारा संपे तिथं समितीच्या हुकमावरून हॉटेल हवं होतं, म्हणून काठावरच्या एका हलवायाच्या दुकानावर 'हॉटेल पहिले' आणि चहावाल्याच्या टपरीवर 'हॉटेल दुसरे' असे पुठ्ठे टांगले होते. हलवाई म्हणाला, बोर्ड लावायचा तर उतरावं लागेल आणि खावंही लागेल. बुंदीचे लाडू खाऊन मधुसूदनपंतांचं आधीच बिघडलेलं पोट आणखी बिघडलं. सदाशिवरावांनी घोड्याच्या जुन्या झुलीतून लाल बावटे फाडून दिले होते. अर्जात पत्नीचंही नाव असल्यामुळे वनमालाबाईंनाही बरोबर चालायचं होतं. पुढं पंत, चार पावलं मागं त्या, त्यामागं छत्री धरलेले जयसिंहराव, डॉक्टर आणि लिहिणारा कारकून, आणि दोन्ही काठांवर सगळं लश्कर.

"भरती!" जयसिंहराव ओरडत. मग मधुसूदनपंतांनी पुस्तिकेप्रमाणे उंच जागी जायचं. ते दरड चढून उभे राहत. "ओहोटी!" मग खाली यायचं. दिवसातून दोन भरत्या असतात हे पुस्तिकेत होतं, पण जयसिंहरावांना शब्द आवडल्यामुळे त्या दिवशी अकरा भरत्या आल्या.

पद्मानं पहिल्या दिवशी घरी येऊन पुस्तकं आपटली. "बाबा, शाळेतल्या सगळ्या मुली हँस रही हैं. शिंप्याची मुलगी मला म्हणून राहिली, तुम्हारे पिताजी का जहाज कब छूटेगा? मी उद्या शाळेत नाही जाणार."

"अगं, चार दिवसांचा प्रश्न आहे," मधुसूदनपंत म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पायांना फोड आले होते आणि ते तेल चोळत बसले होते.

चार दिवस झाले. चौथ्या दिवशी समिती समाधानानं कागद मिटत होती, तेवढ्यात मधुसूदनपंतांच्या एक गोष्ट ध्यानात आली. खरं म्हणजे ती पहिल्याच दिवशी आली होती आणि चार दिवस खुपत होती. जुहूहून उत्तरेला निघालं की समुद्र डाव्या हाताला पडतो. इथं आखलेला समुद्र, म्हणजे जिथं धोब्यांची गाढवं उभी होती ती बाजू, उजव्या हाताला आली होती. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण नकाशाच्या दफ्तरातल्या माणसाला पूर्व-पश्चिम उलटी दिसली की अन्न गोड लागत नाही.

"साहेब," ते म्हणाले, "समुद्र चुकीच्या बाजूला होता."

जयसिंहराव थबकले. "मग हे सगळं गैर झालं?"

"उलट दिशेनं चाललो तर बरोबर होईल."

वनमालाबाईंनी मागून त्यांच्या उपरण्याला हळूच हिसका दिला होता, पण शब्द तोंडातून गेला होता. जयसिंहरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, लघाटे. असा बारीक माणूस दफ्तरात हवा." आणि सगळी फेरी, किनारे, हॉटेलं, लाडू आणि भरत्या धरून, आणखी चार दिवस पुन्हा झाली.

नवव्या दिवशी बावडीवर पोहण्याची परीक्षा. भोपळ्यांना परवानगी नव्हती. समिती वरच्या पायरीवर खुर्च्या टाकून बसली होती. वनमालाबाई बाजूला टॉवेल घेऊन उभ्या होत्या. कान्होजी हात जोडून काही तरी पुटपुटत होता. मधुसूदनपंतांनी टोपी घट्ट बसवली आणि पाण्यात पाय घातला. आयत्या वेळी त्यांना कान्होजीचं काही आठवेना, आपण स्वतः लाल शाईनं लिहिलेलं वाक्य मात्र लखलखीत आठवलं, 'ओढीने खेचल्यास झगडू नये, आडवे जावे.' बावडीत ओढ नव्हती. तरी ते आडवे गेले. आणि मग सरळ खाली गेले.

एकदा वर आले, एकदा गेले. टोपी वर राहिली. वनमालाबाईंनी टॉवेल टाकला, पदर खोचला आणि वरून तिसऱ्या पायरीवरून उडी घेतली.

आता आमच्या लोकांची रीत अशी, की परक्या घरची बाई ओलेत्यानं समोर आली तर भल्या माणसानं ताबडतोब पाठ फिरवायची. जयसिंहराव सरदार घराण्यातले. ते तत्क्षणी वळले. डॉक्टर वळले, कारकून वळला, कान्होजी तर पलटणीत शिकल्याप्रमाणे टाच आपटून वळला. तेव्हा खाली पाण्यात जे झालं ते समितीतल्या कोणीच पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त मधुसूदनपंतांनी, आणि तेही बुडता बुडता. त्यांच्या बायकोनं त्यांना काखेत हात घालून वर उचललं, हनुवटी धरून पाण्यावर ठेवलं, आणि पाठीवर पडून दोन-चार सरळ लाथांत पायरीला आणून लावलं. मांडीपासून सरळ, मान सैल.

त्यांना पायरीवर ठेवून त्या लगेच बाहेर आल्या नाहीत. कदाचित साडीनं ओढलं असेल. त्या एकदा बावडीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मधुसूदनपंत खोकत, पाणी ओकत बघत होते. एकोणीस वर्षांत त्यांनी बायकोचा असा चेहरा पाहिला नव्हता. तो चेहरा बघून त्यांना खूप आनंद झाला, आणि त्याबरोबरच इतकं वाईट वाटलं की ते पुन्हा खोकू लागले.

"लघाटे," पाठमोऱ्या जयसिंहरावांनी विचारलं, "बाहेर आले काय?"

"आलो, साहेब."

"आपले आपण आले?"

मधुसूदनपंत खोटं कधी बोलले नव्हते. ते नुसते खोकले. पाण्यातून वनमालाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आले म्हणून सांगा."

जयसिंहरावांनी भिंतीकडं बघतच सांगितलं, "लिहा. अर्जदार पाण्यात गेले. अर्जदार पाण्यातून बाहेर आले. समितीने अन्य काही पाहिले नाही." यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून सगळ्यांनी सही केली.

मधुसूदनपंत पास झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढली. वनमालाबाईंनी दशम्यांचं पीठ मळायला काढलं, पद्मानं रुसवा सोडून स्वतःची दोन परकर-पोलकी ट्रंकेत कोंबली आणि ती शिंप्याच्या मुलीला सांगून आली. गाडी सोमवारची होती. फक्त हुकूम हातात यायचा होता, तो शनिवारी आला.

जयसिंहरावांनी त्यांना स्वतः बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि हसतमुखानं कागद पुढं केला. मधुसूदनपंतांनी वाचलं. 'अर्जदारास समुद्रकाठी पायी फिरणे व पाण्यात उतरणे यासाठी बारा दिवसांची रजा मंजूर. पैकी समितीपुढे हजेरी दिवस तीन, किनाराफेरी दिवस चार, दुरुस्तीसह फेरी दिवस चार, पाण्यात उतरणे दिवस एक. एकूण बारा. रजा उपभोगली असे समजून प्रकरण दप्तरदाखल करावे.'

"एक दिवसही कापू दिला नाही मी," जयसिंहराव म्हणाले. "वर बोलून राहिले होते की दुरुस्तीचे चार दिवस मंजूर होणार नाहीत, तुमचे गैरहजर धरू. मी म्हटलं, नाही! त्यानं स्वतः होऊन चूक दाखवली. तर ते पण रजेत धरवून घेतले."

"साहेब, पण आम्ही अजून गेलोच नाही."

"वैद्यानं काय सांगितलं होतं? चालायचं. चालले. पाण्यात उतरायचं. उतरले. आणि बुडालेही नाहीत." जयसिंहरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लघाटे, मला तुमची केवढी फिकीर होती. आता पाच वर्षं निश्चिंत."

मधुसूदनपंतांनी कागद पुन्हा वाचला. बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी तारखा ताडल्या, बेरीज केली, सह्या पाहिल्या, सहपत्राचा क्रमांक पाहिला. कुठंतरी एखादी चूक सापडावी म्हणून ते अक्षरशः देवाचा धावा करत होते. चूक नव्हती. मधले चार दिवस तर त्यांनी स्वतःच्या तोंडानं मागून घेतले होते. त्यांनी नमस्कार केला आणि ते बाहेर पडले.

गल्लीत शिरताना सदाशिवराव ओट्यावर बसले होते. त्यांना हुकूम आधीच कळला होता, कारण हुकूम लिहिणारा कारकून त्यांच्या साडूचा जावई.

"काय पंत, झाली म्हणे समुद्राची फेरी? अभिनंदन! कसा काय वाटला?"

"कोरडा," मधुसूदनपंत म्हणाले आणि घरात गेले.

वनमालाबाई ट्रंकेपाशी बसून कपडे लावत होत्या. पद्मा मैत्रिणीकडं गेली होती. मधुसूदनपंतांनी हुकूम मोठ्यानं वाचून दाखवला. मग टोपी काढून जमिनीवरच बसले.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "समुद्र उजवीकडं असता तर काय बिघडलं असतं? एकोणीस वर्षांत तू एक गोष्ट मागितलीस. तुला एकदा समुद्र दाखवायचा, एवढंच काम होतं माझं, आणि तेसुद्धा मला जमलं नाही."

वनमालाबाईंच्या हातात एक घडी केलेलं लुगडं होतं. ते त्यांनी मांडीवर ठेवलं.

"मला कशाला दाखवायचा?" त्या म्हणाल्या. "मी तेरा वर्षं त्याच्या काठी काढली. डोळे मिटले की दिसतो मला, आवाजासकट. मला तुम्हाला दाखवायचा होता. रात्री दिव्यापाशी बसून तुम्ही कोकणचे नकाशे काढता, तेव्हा इतकं जपून समुद्रात निळा रंग भरता. मला वाटायचं, ह्यांना एकदा खरा दाखवावा."

मधुसूदनपंतांनी विचारलं, "केवढा असतो गं?"

वनमालाबाईंनी दोन्ही हात पसरले. पसरलेल्या हातांकडं त्यांनी स्वतःच एकदा पाहिलं, आणि हात खाली घेतले. "सांगता नाही येत हो," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मधुसूदनपंत सरकून त्यांच्याजवळ बसले, आणि दोघं मिळून ट्रंकेतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागले.